रिकामी पिन अन् माझा बाप

रिकामी पिन मोकळी सोडायची नाही. हे एक वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की तितक्या वेळा कोणी देवाचं नाव घेतलं नसेल. आणि तितक्याच वेळा मला "गप बस रचना" ऐकावं लागलं. गप बसणं मला जमत नाही. माय म्हणते, जन्मली तेव्हा एवढी बोंबलली होती की सुईण घाबरून अंगणात पळाली. सुईण बिईण काही पळाली नसणार, मायला तिखटमीठ लावायची सवय आहे. पण बोंबलले असेन.

गोष्ट दोन हजार आठच्या हिवाळ्यातली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी गोंदियात हिमांशूभाऊच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. हिमांशूभाऊ स्वतः इंजिनिअर, नागपूरला शिकलेला, हाताचा एकदम साफ. गोंदियात दगड भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या राईस मिलच्या टिनावर पडतो, म्हणून आमचं सगळं काम मिलवाल्यांचंच. मोटरचे पॅनल, अलार्म, मीटर. बोर्ड जोडायचं काम माझं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं, पोरगी फोन उचलायला ठेवली आहे. मी फोन कधीच उचलला नाही, मुद्दाम.

माझे बाबा, खेमराज, शहराबाहेरच्या एका मिलमध्ये उसन्याच्या टाक्यांवर होते. उसना तांदूळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धान आधी गरम पाण्यात भिजवायचं, मग वाफवायचं, मग वाळवून कांडायचं. सगळा खेळ भिजवण्याच्या पाण्याचा. पाणी कमी तापलं तर धान आंबतं, वास मारतं. जास्त तापलं तर दाणा फुटतो, तांदूळ लाल पडतो आणि त्याला कोणी विचारत नाही. बाबा टाकीच्या पोटाला तळहात लावून पाणी ओळखायचे आणि वाफेचा व्हॉल्व कमीजास्त करायचे. मग मिलच्या सेठला मीटर पाहिजे झालं. पाच टाक्या, आणि पाचही टाक्यांचं पाणी किती तापलं ते एका डब्यावर दिसलं पाहिजे. काम आमच्या वर्कशॉपकडं आलं, म्हणजे माझ्याकडं आलं.

त्या मीटरच्या पोटात एक चिप असते, अ‍ॅनालॉग मल्टिप्लेक्सर. नावाला घाबरू नका. आठ दारांची एक खोली समजा. चिप एका वेळी एकच दार उघडते, त्या दाराशी उभ्या असलेल्या सेन्सरचं म्हणणं आत घेते, दार लावते, पुढचं उघडते. एकपासून आठपर्यंत, आणि आठ झालं की परत एक. आमच्या टाक्या पाच. म्हणजे सहा, सात, आठ या दारांशी कोणीच नाही. लोकांना वाटतं, कोणी नाही तर बरंच झालं, बिघडलं काय? बिघडतं ना. चिपला अक्कल नाही, ती रिकामं दारही उघडतेच. मग मोटरची घरघर, फिरत्या पट्ट्यावरची वीज, हवेत जे काही असेल ते आत शिरतं, आणि तो गोंधळ आत असतानाच चिप पहिलं दार उघडते. पहिल्या टाकीचा आकडा खोटा निघतो. उपाय एकदम सोपा. ही रिकामी दारं म्हणजेच रिकाम्या पिना, त्या ग्राउंडला, म्हणजे शून्याच्या तारेला, बांधून टाकायच्या, बोटाएवढी तार लागते. हे मला शिकवलं कोणी? हिमांशूभाऊनंच. माझ्या पहिल्याच बोर्डावर एक पिन मोकळी राहिली होती तर त्यानं बोर्ड परत माझ्या टेबलावर आपटला होता.

पुढंमागं टाकी वाढली तर कामी यावं म्हणून सहा, सात, आठची टोकं आम्ही बाहेर स्क्रूच्या पट्टीवर काढली होती. तिथंच मी तीन आखूड तारा लावून तिन्ही टोकं ग्राउंडला बांधली. पॅनल मिलमध्ये बसलं. झाकण उघडं होतं, सेठ पाहायला आला, आणि इतक्या तारांमधून त्याची नजर नेमकी त्या तीन तारांवर गेली.

"ये जंपर काहे का है?"

आता वीज चोरणारे असलीच आखूड तार टाकून मीटर थांबवतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. सेठच्या ओळखीतल्या एका मिलवर आदल्याच वर्षी वीजचोरी पकडणारं पथक आलं होतं, तेव्हापासून त्याला तार दिसली की घाम फुटायचा. मी सांगितलं, हे विजेचं मीटर नाही, तापमानाचं आहे, या तारांचा बिलाशी काही संबंध नाही. तो म्हणाला, काढून टाक, पथकवाल्यांना कोण समजावेल, तू? मी म्हटलं, समजावीन. सेठ आणि हिमांशूभाऊ, दोघंही हसले. मग हिमांशूभाऊनं खिशातून पेचकस काढला आणि स्वतःच्या हातानं तिन्ही तारा सोडून माझ्या हातात दिल्या.

परत येताना मी त्याच्याशी रस्ताभर भांडले. बोर्डाच्या खालून बांधून देते, कोणाला दिसणार नाही, म्हटलं. तो म्हणाला, मीटर बरोबर चाललंय ना, आता परत खोलायचं नाही, पुढच्या वेळी करू. पुढची वेळ म्हणजे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

थोडे दिवस मीटर खरोखरच बरोबर चाललं. मग सेठनं भुसा वर चढवायला नवा एलिव्हेटर घेतला आणि तो पॅनलला अगदी खेटून बसवला. रबराचा पट्टा, कोरडी थंडी, भुशाची धूळ. पट्टा चालू असताना जवळून गेलं तरी हातावरची लव उभी राहायची. आणि एक दिवस पहिल्या टाकीचं पाणी उकळायला आलं तरी मीटर कमीच दाखवत राहिलं. बाबा मीटरकडं पाहत टाकीत वाफ सोडत राहिले. अख्ख्या टाकीतलं धान फुटलं. खाली काढलं तर नुसती लाल खिचडी.

सेठ आला. हमाल होते, बॉयलरवरचा शालीकराम होता, धान वाळवणाऱ्या बाया होत्या. त्या सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं की खेमराज दारू पिऊन झोपला आणि व्हॉल्व उघडा राहिला. आणि बाबांना घरी पाठवून दिलं.

हे बाबांनी आम्हाला सांगितलं नाही. बरं वाटत नाही म्हणून लवकर आलो, एवढंच म्हणाले. संध्याकाळी शालीकराम घरी आला आणि त्यानं सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निष्काळजी म्हटलं असतं तर एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण दारू? माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, आणि बाबांनी उभ्या आयुष्यात थेंब चाखलेला नाही. रविवारी विहारात पोरांकडून पंचशील म्हणून घेणारा माणूस तो. पाचवं शील आलं, दारूचं, की बाबा पोरांकडं न पाहता पोरांच्या बापांकडं डोळे वटारून पाहायचे. वस्तीतले काही बाप त्याच भीतीनं खांबाआड बसायचे. आता तेच बाप चौकात म्हणू लागले होते, पाहा गुरुजी काय निघाले.

मी म्हटलं, उद्या मिलमध्ये जाते आणि मीटर उघडून दाखवते. बाबा म्हणाले, "नोको. तुही नोकरी जाईन. माहा काय, मी कोठंबी मजुरीले जाईन."

"अन् विहारात कोनत्या तोंडानं जासाल?"

मी हे बोलायला नको होतं असं माय नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ हापशीवर पाय धूत बसले. त्या रविवारी ते विहारात गेले नाहीत. पोरं दारात बोलवायला आली तर मायनं बाबांचं डोकं दुखते म्हणून पोरांना परत पाठवलं. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सोमवारी मी हिमांशूभाऊसमोर उभी राहिले. त्यानं एक शब्दही नाकारला नाही, मला राग त्याचाच जास्त आला. त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं तोडगा काढला होता तो असा: सेन्सर बदलायच्या निमित्तानं जाऊ, आतून पिना बांधू, कोणाला कळणार नाही. खेमराजकाकांना चार-सहा महिन्यांनी दुसऱ्या मिलमध्ये लावून देऊ. मी विचारलं, आणि दारूचं काय? तो म्हणाला, लोक विसरतात. मीटर चुकलं असं कबूल केलं तर टाकीभर धानाचं नुकसान माझ्या डोक्यावर येईल, आणि सेठचे अर्धे नातेवाईक आपले गिऱ्हाईक आहेत.

"लोकं नाही विसरत भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही विसरता."

तेव्हा त्याचा आवाज चढला. तिथं तोंड उघडलंस तर इथं परत येऊ नकोस, म्हणाला. मी माझी अवजारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाले.

लुना घेऊन आधी घरी गेले. बाबांना म्हटलं चला. ते हलायला तयार नाहीत. मी ओरडले, विनवलं, परत ओरडले. शेवटी मायनं, कलाबाईनं, पेटीतून त्यांचा विहारात घालायचा पांढरा सदरा काढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. "जा म्हंतो ना," ती म्हणाली. "घरात लपून बसला मानूस तं लोकं खरंच समजतेत." बाबांनी सदरा घातला आणि लुनावर माझ्या मागं बसले.

मिलमध्ये पोचलो तर हिमांशूभाऊची मोटारसायकल आधीच दारात. मी कुठं जाणार हे त्याला कळलं होतं. सेठ त्याच्याशी बोलत उभा होता. आम्हाला पाहून म्हणाला, अब क्या नाटक है? मी म्हटलं, नाटकच आहे, पाहायला सगळ्यांना बोलवा. त्यानं कोणाला बोलावलं नाही, पण माझा आवाज असा आहे की बोलवावं लागत नाही. हमाल आले, शालीकराम आला, खळ्यावरच्या बाया हातातली फावडी घेऊनच आल्या.

मी पॅनल उघडलं. ऑफिसमधला काचेचा थर्मामीटर मागितला आणि शालीकरामनं तो दोरीला बांधून पहिल्या टाकीत सोडला. एलिव्हेटर बंद करायला लावला. काच आणि मीटर, दोन्हीवर आकडा एकच. मग म्हटलं, आता एलिव्हेटर लावा. पट्टा फिरायला लागला आणि मीटरवरचा पहिल्या टाकीचा आकडा पाहता पाहता खाली घसरला. काचेतला पारा होता तिथंच. हमालांमध्ये कुजबुज झाली. मी आठ नंबरच्या मोकळ्या स्क्रूवर नुसतं बोट टेकवलं तर तोच आकडा सैरावैरा पळू लागला, आणि बोट मी लावलं होतं त्या टोकाशी कुठलीच टाकी जोडलेली नव्हती. मग पिशवीतून तीन तारा काढल्या. सहा बांधली, सात बांधली, आठ बांधली. पट्टा फिरतच होता. मीटरचा आकडा वर चढला, काचेच्या आकड्याशी जाऊन थांबला आणि तिथून हलला नाही.

सेठ वाकून पाहत होता. "ये तो वही तीन तार हैं," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, त्याच. काढायला तुम्ही सांगितलं आणि काढल्या यांनी.

सेठनं हिमांशूभाऊकडं पाहिलं. खरं आहे का, विचारलं. हिमांशूभाऊनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मीटरकडं पाहत म्हणाला, "टेक्निकली, हो."

टेक्निकली. माझ्या बापाची वस्तीत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती आणि हा टेक्निकली. त्याच घटकेला मी ठरवलं की याच्या वर्कशॉपची पायरी परत चढायची नाही. मला काढलं की मी सोडलं, यावर गोंदियात आजही दोन मतं आहेत. माझं मत बरोबर आहे.

पण सेठ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो बाबांकडं वळला. बाबा मागं, खांबापाशी उभे होते.

"मान लिया मीटर झूठा था. पर तू तो इतने साल से हाथ लगाकर देखता आया है. उस दिन हाथ क्यों नहीं लगाया?"

सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं. मीही पाहिलं. खरं सांगते, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि इतकी तोंडाळ मी, पण घरात तो विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. पाणी उकळायला आलेलं, टाकी अशी तापलेली की बाजूला उभं राहवणार नाही, आणि या माणसानं एकदाही हात लावून पाहू नये? थकून डोळा लागला असेल का? क्षणभर मला तसं वाटलं.

बाबांनी घसा साफ केला. "तापली हाय असं वाटलं होतं मले," ते म्हणाले. "पन मीटर माह्या पोरीनं बनवलं ना जी. मंग हात कायले लावू?"

एलिव्हेटरचा पट्टा तेवढा वाजत होता. मी झाकणाचा स्क्रू घट्ट करत होते आणि मला स्क्रू दिसत नव्हता. माझा बाप. हात न लावताही कळत होतं पाणी तापलंय, आणि त्यानं स्वतःला खोटं ठरवलं, मला नाही.

सेठनं रुमालानं तोंड पुसलं. ठीक आहे, म्हणाला, झालं ते झालं, जा, कामाला लाग. आणि तो ऑफिसकडं वळला. मला वाटलं बाबा आता हात जोडतील आणि टाकीकडं जातील. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. मी तोंड उघडणारच होते, पण त्याआधी बाबाच बोलले.

"दारूचं सांगा, सेठजी."

सेठ थांबला. मान मागं न वळवता म्हणाला, अरे नहीं पी थी, बस?

"कोनाले सांगून रायले? मले तं माईत हाय."

सेठला पहिल्यांदा कळेना. बाबांनी हात केला. हमालांकडं, शालीकरामकडं, फावडी टेकून उभ्या असलेल्या बायांकडं. "यायच्यासमोर म्हनलं होतं तुमी. यायलेच सांगा."

मी बाबांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो. पण त्यात मागं सरकायला जागा नव्हती. सेठचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हाकलतो. हिमांशूभाऊ बुटाच्या टोकानं भुसा उकरत होता. टाक्यांत धान भिजत होतं, वेळ चालला होता, आणि बाबांच्या जागी आणलेला माणूस पहिल्याच दिवशी पळून गेला होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. सेठ शेवटी वळला आणि सदऱ्याच्या गुंडीशी बोलावं तसं पुटपुटला की खेमराजनं दारू घेतली नव्हती.

"मांगच्या बायायले आयकू नाही गेलं," बाबा म्हणाले.

मागं धुरपताबाई होती, खळ्यावरची सगळ्यात म्हातारी. ती म्हणाली, "नाही गेलं जी, काहीच नाही गेलं." तिला सगळं ऐकू गेलं होतं हे मी शपथेवर सांगते.

तेव्हा सेठनं छाती भरून श्वास घेतला आणि पट्ट्याच्या वरून जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "खेमराज ने दारू नहीं पी थी. गलती हमारी थी."

बाबांनी मान हलवली. आभार मानले नाहीत, हात जोडले नाहीत. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, शालीकरामला वाफ सोडायला सांगितलं आणि पहिल्या टाकीसमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं धरून, मीटरकडं पाहत.

मी तिथंच, सगळ्यांसमोर, भोकाड पसरून रडले. हसणाऱ्यांनी हसावं. नोकरी गेली होती, हातात पेचकस होता, आणि माझा बाप आकडा चढायची वाट पाहून राहिला होता.